कपाटं जरा जवळ आणा

वेळ थोडा आहे, म्हणून मागणं आधीच मांडते. आपल्या सातारा-सांगलीकडच्या वाचनालयांत समाजसेवेच्या इतिहासाची, कवितेची आणि उद्योगधंद्याची पुस्तकं तीन कोपऱ्यांतल्या तीन कपाटांत असतात. ती कपाटं जरा जवळ आणा. उद्योगधंद्याच्या कपाटाची तर किल्लीसुद्धा पुष्कळदा शोधावी लागते.

असं का म्हणते, ते सांगते. किर्लोस्करवाडी आपल्या सगळ्यांच्या माहितीची. नांगराच्या कारखान्याला बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा ३२ एकर माळ दिला. साल १९१०. तिथं निवडुंग, साप आणि पाण्याची टंचाई. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, असं तेव्हा शेतकरी म्हणत, हेही आपण शाळेपासून ऐकतो. पण उद्योगधंद्याच्या कपाटात आणखी एक गोष्ट आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. वाडीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्या भरवशावर सगळी वाडी निर्धास्त झोपायची.

आता दुसऱ्या, समाजसेवेच्या कपाटाकडे चला. त्याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कैद्यांची वसाहत, पण तिला भिंत नाही. कैदी शेती करणार, बायकामुलांसह राहणार, आटपाडीच्या बाजाराला जाणार आणि आपणहून परत येणार. कल्पना मॉरिस फ्रिडमन या पोलंडच्या गृहस्थांची. ते कोण? इंजिनिअर. बंगळूरला विजेच्या सामानाचा कारखाना चालवलेला माणूस. म्हणजे तुरुंगसुधारणेच्या पुस्तकात पुन्हा कारखानदारच भेटला की नाही?

आणि तिसरं कपाट कवितेचं. तिथं ग. दि. माडगूळकर. जन्म १९१९चा, शेटफळ्याचा. गाव माडगुळे, आटपाडीच्याच मुलखातलं, शाळा औंधची. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, छप्पन्न गीतं झाली. त्याबद्दल मी आणखी काय सांगावं? पण याच कवीच्या कथेवर १९५७ साली व्ही. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट आला. सहा कैदी, एक जेलर आणि उघडं माळरान. त्या कथेचं मूळ स्वतंत्रपुरात.

बघा, कैद्यावर विश्वास टाकायचा हा एकच विचार. एका कारखानदारानं तो पहाऱ्यावर लावला, एका राजानं त्याची वसाहत केली, एका कवीनं त्याची कथा केली. सगळ्याचं मूळ एका चिमुकल्या संस्थानात, पन्नास वर्षांच्या आत. आणि आपल्याकडे याची पुस्तकं तीन कोपऱ्यांत!

घरातला फोडणीचा डबा डोळ्यांपुढे आणा. मोहरी, जिरं, हळद, हिंग वेगवेगळ्या वाट्यांत असतात, एकमेकांत मिसळत नाहीत. पण झाकण एकच. तेल तापलं की हात आपोआप सगळीकडे जातो. मोहरी माजघरात आणि हळद माळ्यावर ठेवली तर तेल जळून जाईल. मुलाचा प्रश्न म्हणजे ते तापलेलं तेल असतं. “कैद्यांवर विश्वास ठेवला तर ते पळून जात नाहीत का?” असं मुलगी विचारते, तेव्हा तिन्ही पुस्तकं हाताशी हवीत. दुसऱ्या दिवशी किल्ली सापडून काय उपयोग? फोडणी वेळेवरच बसली पाहिजे.

मी कपाटं मोडायला सांगत नाही. विषयवारी राहू द्या. नुसती जवळ आणा.

सगळ्यात हाल धंद्यावरच्या पुस्तकांचे होतात. धंदेवाल्याचं लिखाण म्हणजे जाहिरात, असं आपण धरूनच चालतो. पण १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ कारखान्याची खबर द्यायलाच निघाली होती. शंकरराव किर्लोस्करांनी त्या खबरेचं मासिक केलं. पुढे त्यांनीच १९३० साली ‘स्त्री’ काढलं. नांगर विकणाऱ्या माणसांनी बायकांच्या शिक्षणाबद्दल, शिवाशिवीबद्दल घरोघरी वाद लावून दिले. त्या मासिकांचे जुने बांधीव खंड कुणाच्या माळ्यावर असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. वाचनालयात नेऊन द्या. आणि वाचनालयांनो, ते घ्या! जागा नाही म्हणू नका.

आणखी एक अडचण जिल्ह्याच्या हद्दीची. सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला, १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे औंधची पुस्तकं सातारकर जपतात, किर्लोस्करवाडीची सांगलीकर. फोडणीच्या डब्याच्या वाट्या दोन घरांत वाटल्यासारखं झालं.

ग्रंथपाल भगिनी-बंधूंना एवढंच सांगते. कपाट हलवणं जमणार नसेल, तर उद्या सकाळी तीन चिठ्ठ्या लिहा. लक्ष्मणरावांच्या चरित्रात एक: ‘स्वतंत्रपूर पाहा.’ औंधच्या इतिहासात एक: ‘माडगूळकर पाहा.’ आणि गीतरामायणाच्या पहिल्या पानाशी एक: ‘किर्लोस्करवाडी पाहा.’ खाली कपाटाचा नंबर घाला, मोठ्या अक्षरात, शाळेतल्या पोराला वाचता येईल असा.