पहिलं ग्रंथालय कोणाचं?

(विहाराच्या वाचनालयात झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला सांगितलं की वाचनालयाबद्दल तुम्ही बोला, ते आपण स्मरणिकेत छापू. मी म्हटलं, मी काही वक्ता नाही. आयुष्यभर ग्रंथालयात बसून पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवणारा माणूस मी. पण माझ्या हातून एक चूक झाली, तिच्याबद्दल बोलायला मला आवडेल. मोठ्या माणसांच्या चुकांबद्दल आपण खूप बोलतो, स्वतःच्या चुकीबद्दल बोलताना मात्र माईक खराब होतो.

मागच्या जयंतीला मुलांची सामान्यज्ञान स्पर्धा झाली. पेपर मी काढला होता. त्यात एक प्रश्न होता, ‘जगातील पहिले सार्वजनिक ग्रंथालय कोणते?’ माझ्याजवळच्या गाईडमध्ये उत्तर होतं, अमेरिकेतील फिलाडेल्फिया, १७३१, संस्थापक बेंजामिन फ्रँकलिन. आपल्याच गल्लीतल्या नववीतल्या एका मुलीनं लिहिलं, पीटरबरो, १८३३. मी लाल पेनानं फुली मारली. त्या एका मार्कानं तिचं पहिलं बक्षीस गेलं. ते बक्षीस शब्दकोश होतं.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन घरी आली. भांडायला नव्हती आली. तिनं एवढंच विचारलं, “काका, फिलाडेल्फियाला पैसे भरल्याशिवाय सभासद करत नव्हते ना? मग ते सार्वजनिक कसं?”

मी तीस वर्षं ग्रंथालयात काढलेली. मला उत्तर देता आलं नाही. म्हटलं, बाळ, मला आठ दिवस दे. आठ दिवसांचे तीन महिने झाले. त्या तीन महिन्यांत जे हाताला लागलं ते सांगतो.

फिलाडेल्फियाचं आधी. १७३१ साली फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी ‘लायब्ररी कंपनी’ काढली ही गोष्ट खरीच आहे. पन्नास सभासद, प्रत्येकाचे सुरुवातीला चाळीस शिलिंग आणि पुढं दरवर्षी दहा शिलिंग. त्या पैशातून लंडनहून पुस्तकं मागवली. त्या काळात पुस्तक किती महाग होतं हे बघता ही फार मोठी युक्ती होती. एकट्याला परवडत नाही ते पन्नासांनी मिळून घ्यायचं, म्हणजे पुस्तकांची भिशीच म्हणा ना. पण भिशीत जो पैसे भरेल त्याचाच नंबर लागतो. खुद्द फ्रँकलिननं आपल्या आत्मचरित्रात त्याला वर्गणीचं ग्रंथालयच म्हटलं आहे. ‘जगातलं पहिलं सार्वजनिक’ ही पदवी नंतरच्यांनी चिकटवली. मुलीचा मुद्दा बरोबर होता.

मग मला वाटलं, वर्गणी नसलेलं सर्वांत जुनं शोधावं. तिथं इंग्लंडमधलं मँचेस्टर पुढं आलं. हम्फ्री चेथम नावाचा कापडाचा मोठा व्यापारी होता. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे १६५३ साली तिथं ग्रंथालय निघालं. पुस्तक घरी न्यायचं नाही, तिथंच बसून वाचायचं, पण पैसा पडत नाही. म्हणजे फिलाडेल्फियाच्या आधी अठ्ठ्याहत्तर वर्षं! ते ग्रंथालय आजही आहे. पण ते एका धनवानाच्या देणगीवर उभं. गावानं ठराव केला नव्हता, गावाचा पैसा नव्हता.

इथं माझ्या लक्षात आलं की ‘पहिलं’ या शब्दाचं भांडण नाहीच. भांडण ‘सार्वजनिक’ या शब्दाचं आहे. पैसा कोणाचा, चालवतो कोण, आणि आत कोणाला घेतात, या तिन्हींची उत्तरं घेतल्याशिवाय साल सांगण्यात काही अर्थ नाही.

आता गंमत बघा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात एका गावानं फ्रँकलिनचंच नाव स्वतःला लावून घेतलं. त्यांना प्रार्थनाघरासाठी एक घंटा हवी होती. नाव तुमचं लावलंय तर घंटा तुम्ही द्या, असा हिशेब. (हा हिशेब आपल्याकडच्या मंडळांना शिकवायला नको.) फ्रँकलिननं घंटा दिली नाही, ११६ पुस्तकं दिली. ती कोणाला वाचायला द्यायची यावर गावात वाद झाला, आणि १७९० साली गावाच्या सभेत ठरलं की गावातल्या सर्व रहिवाशांना फुकट द्यायची. म्हणून ते गाव म्हणतं, पहिलं आमचं. दार उघडं, चालवणारं गाव, पण पुस्तकं दान म्हणून आलेली.

कनेक्टिकट राज्यातलं सॅलिसबरी गाव म्हणतं, आमचं. तिथला मूळचा रहिवासी केलेब बिंगहॅम बोस्टनला पुस्तकविक्रेता झाला. त्यानं १८०३ साली गावातल्या मुलांसाठी दीडशे पुस्तकं पाठवली. पुढं १८१० मध्ये गावानं स्वतःच्या तिजोरीतून शंभर डॉलर पुस्तकांसाठी मंजूर केले. गावाचा पैसा आला! पण ग्रंथालय नऊ ते सोळा वयाच्या मुलांसाठी. मुलांचा बाप आला तर त्याला पुस्तक नाही.

आणि मग पीटरबरो, न्यू हॅम्पशायर राज्यातलं लहानसं गाव. त्या राज्यानं १८२१ मध्ये बँकांवर एक कर बसवला. त्या पैशातून राज्याचं कॉलेज काढायचं होतं. कॉलेज काही निघालं नाही. (सरकारी योजना तिकडंही अशाच असतात.) १८२८ साली साठलेला पैसा गावांना शिक्षणासाठी वाटून टाकायचं ठरलं. बहुतेक गावांनी तो शाळांना लावला. पीटरबरोत मात्र एबिएल अ‍ॅबट नावाचे एक वयस्कर धर्मोपदेशक होते. त्यांच्या पुढाकारानं ९ एप्रिल १८३३ रोजी गावाच्या सभेत ठराव झाला की या पैशातला काही भाग दरवर्षी पुस्तकांसाठी ठेवायचा आणि पुस्तकं गावातल्या सगळ्यांना विनामूल्य द्यायची. पुस्तकं सुरुवातीला कुठं ठेवली? गावातल्या दुकानात. तिथंच पोस्ट होतं. मीठ घ्यायला जा, पत्र आणायला जा, पुस्तक बदलून ये.

तिन्ही प्रश्नांना उत्तर देणारं सर्वांत जुनं हेच, असं ग्रंथालयाचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण मानतात. पण तिथंही एक ‘पण’ आहे, तो लपवू नये. तो पैसा गावानं स्वतः कर बसवून उभारला नव्हता, राज्यानं बँकांकडून घेतलेल्या करातला वाटा होता. गावांनी ग्रंथालयासाठी कर बसवावा असा सर्वसाधारण कायदा न्यू हॅम्पशायरनं १८४९ मध्ये केला. म्हणून अचूक बोलायचं तर ‘करातून आलेल्या पैशावर चाललेलं, सर्वांना मोफत असलेलं आणि आजही चालू असलेलं जुन्यात जुनं’ असं म्हणावं लागतं. पाटीवर मावत नाही एवढं लांब आहे. खरी गोष्ट बऱ्याचदा पाटीवर मावत नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण सांगतो, म्हणजे हे फक्त गोऱ्यांचं भांडण वाटायला नको. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा मद्रासचा, १९४८ चा, असं परीक्षेला बसणारी पोरं पाठ करतात. पण त्याआधी १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानानं ग्रंथालयांचा कायदा केला होता. स्वतंत्र भारतातला पहिला मद्रासचा, हे बरोबर. नुसतं ‘भारतातला पहिला’ म्हटलं की कोल्हापूर पुसलं जातं. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. दोन शब्द गाळले की इतिहास बदलतो, तो असा.

आता तिसऱ्या प्रश्नाकडं येतो. आत कोणाला घेतात? हा प्रश्न आपल्या लोकांना शिकवायची गरज नाही. अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत सार्वजनिक ग्रंथालयं निघाली, त्यावर ‘मोफत’, ‘सर्वांसाठी’ असं लिहिलेलं. पण काळ्या माणसाला आत प्रवेश नाही. कर तो भरतो, दार त्याला बंद. १९०२ साली अटलांटा शहरात कार्नेगीच्या देणगीतून मोठं ग्रंथालय उघडलं, तेव्हा डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस हे विद्वान शिष्टमंडळ घेऊन विश्वस्तांकडं गेले, आम्हाला का नाही म्हणून विचारलं. दार उघडलं नाही.

आणि १९३९ ची व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरातली गोष्ट मला फार आवडते. सॅम्युएल टकर नावाचा तरुण काळा वकील. त्यानं पाच तरुणांना तयार केलं. २१ ऑगस्टला ते पाच जण एकामागून एक ग्रंथालयात गेले, कार्ड मागितलं. नाही म्हटल्यावर प्रत्येकानं मांडणीवरून एक पुस्तक काढलं आणि वेगवेगळ्या टेबलावर गप्प वाचत बसला. पोलीस आले. गुन्हा काय? शांतताभंग! पुस्तक वाचून शांतता भंग होते, हे मला त्या दिवशी कळलं. शहरानं काय केलं? पुढल्या वर्षी काळ्यांसाठी वेगळं छोटं ग्रंथालय बांधून दिलं. म्हणजे दार उघडायच्या ऐवजी दुसरी झोपडी.

हे वाचताना मला महाड आठवलं. १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला होता की सरकारी पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. महाडच्या नगरपालिकेनंही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागदावर तळं सार्वजनिक झालं होतं. पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तिथं जाऊन ओंजळ उचलेपर्यंत ते सार्वजनिक होतं का? मग तळ्याची तारीख कोणती लिहायची, ठरावाची की ओंजळीची? माझं मत विचाराल तर ओंजळीची.

आता घरची गोष्ट. आपल्या वाचनालयाच्या संगमरवरी पाटीवर स्थापनेचं साल आहे आणि पाच नावं आहेत. स्मरणिकेत ‘तालुक्यातील पहिले बौद्ध वाचनालय’ असं छापायचं ठरत होतं. मी म्हटलं, थांबा, आताच हात पोळलाय माझा. आधी कागद बघू.

जुनं रजिस्टर कपाटाच्या वर, पताकांच्या खाली सापडलं. वाळवीनं कडा खाल्ल्यात. पहिल्या पुस्तकाची नोंद पाटीवरच्या सालानंतर पाच वर्षांनी आहे. मग आधीची पाच वर्षं काय होतं? म्हाताऱ्या माणसांना विचारलं. त्यांनी सांगितलं, आधी चाळीतल्या एका खोलीत पत्र्याची पेटी होती. तिच्यात वीस-पंचवीस पुस्तकं आणि वर्तमानपत्रं. कोणीही यावं, कंदिलापाशी वाचावं. लिहून ठेवायची पद्धत नव्हती. म्हणजे पाटी खोटी नाही, रजिस्टरही खोटं नाही.

पण रजिस्टरनं मला दुसरीकडं चकवलं. पहिल्या दोन वर्षांत पुस्तक नेणाऱ्यांत एकाही बाईचं नाव नाही. आणि जमाखर्चाच्या वहीत जमा बाजूला बघावं तर सगळी रक्कम ‘महिला मंडळ, घरोघर चार आणे’. माझी आईसुद्धा त्या बायकांत होती, दर पौर्णिमेला फिरायची. मला राग आला. पैसा बायकांचा आणि दार पुरुषांना, आपणही तेच केलं की काय! हे मी समितीच्या बैठकीत जरा तावातावानं बोललो.

तिथं आमच्या एक आत्याबाई बसल्या होत्या, वय ऐंशीच्या पुढं. त्या म्हणाल्या, “अरे लेकरा, पुस्तक मीच न्यायचे. मला कुठं सही येत होती? पोराचं नाव लागायचं. पोरगं मोठ्यानं वाचायचं, आम्ही चार जणी भाकरी थापता थापता ऐकायचो. संपलं की मीच परत आणून द्यायचे.”

मी रजिस्टर वाचलं होतं, पण वाचणाऱ्यांना विचारलं नव्हतं. नुसत्या आठवणीवर विसंबलो तर साल चुकतं, आणि नुसत्या कागदावर विसंबलो तर आत्याबाई गायब होतात. पण एक खरं, पाटीवरच्या पाच नावांत त्या चार आणेवाल्यांपैकी एकही नाही. त्याला मात्र सही येत नव्हती हे कारण चालणार नाही.

‘तालुक्यातील पहिले’ हेही टिकलं नाही. नदीपलीकडच्या वस्तीत आपल्याआधी दोन वर्षं वाचनालय होतं, त्यांच्याकडं पावत्या आहेत, मी पाहून आलो. समितीत थोडी कुरकुर झाली. एक जण म्हणाले, आपल्याच हातानं आपलं कमी कशाला करायचं? मी म्हटलं, नदीपलीकडचेही आपलेच आहेत. शेवटी ठरलं की ‘पहिले’ हा शब्द काढायचा, पेटीचं साल आणि रजिस्टरचं साल दोन्ही लिहायची, आणि महिला मंडळाच्या त्या वेळच्या सगळ्या भगिनींची नावं छापायची.

त्या मुलीला मी माझ्या पैशातून शब्दकोश आणून दिला. ज्या मुलानं १७३१ लिहिलं त्याचं बक्षीस काढून घेतलं नाही, कारण त्यानं माझंच गाईड वाचलं होतं. तो प्रश्न पुढच्या पेपरातून काढून टाकला आहे.

नावांची यादी अजून पुरी झालेली नाही. आतापर्यंत सतरा नावं मिळाली, वहीतल्या रकमेवरून त्या जास्त असाव्यात. ज्यांच्या घरी जुनी पावती, फोटो, कशाच्या पाठीमागं लिहिलेलं काही असेल, त्यांनी आणावं. मी रविवारी सकाळी वंदनेनंतर इथं वाचनालयातच बसतो. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत देईन. आणि घरातल्या म्हाताऱ्या बायांना सोबत आणा, कागद नसला तरी चालेल.

जयभीम.