मीराबेन आणि स्वामीराव

(वर्ध्यातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



 

गेल्या आठवड्यात घरी सगळे मिळून हेरगिरीच्या एका मालिकेचा भाग पाहत होतो. खोट्या नावाने शत्रूच्या शहरात राहणारा तरुण आणि त्याच शहरातली मुलगी. प्रेम जडते, वरून हुकूम येतो आणि दोघांची ताटातूट होते. माझी पुतणी बारावीत आहे. तिने डोळे पुसले आणि विचारले, "काका, असं खरंच कुणाच्या आयुष्यात घडलं असेल का हो?" मी म्हटले, घडले आहे. आणि फार लांब नाही, आपल्या घरापासून आठ किलोमीटरवर, सेवाग्रामला. तिचा विश्वास बसला नाही. तिला त्या रात्री जे सांगितले, तेच आज जरा सविस्तर आपल्यासमोर मांडतो.

आधी एक जुनी गोष्ट आठवा. देवांनी कचाला शुक्राचार्यांच्या आश्रमात धाडले, ते संजीवनी विद्या काढून आणायला. आजच्या भाषेत कच हा हेरच. दैत्यांनी त्याला मारले, की शुक्राचार्यांची लेक देवयानी बापापुढे पदर पसरायची आणि कच उठून उभा राहायचा. काम फत्ते झाले, तिने लग्नाचे विचारले, तेव्हा कच म्हणाला, तू गुरुकन्या, मला बहिणीसारखी. खाडिलकरांनी याच कथेवर 'विद्याहरण' लिहिले आणि बालगंधर्वांची देवयानी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. तरीही आपल्या बोलण्यात कच कर्तव्यनिष्ठ ठरतो आणि देवयानी शाप देणारी, हट्टी. मला हा न्याय कधीच पटला नाही. जिने मन उघडे केले, ती लहान कशी ठरते?

आता सेवाग्रामकडे येतो.

मॅडेलिन स्लेड यांचा जन्म १८९२चा, इंग्लंडातला. वडील एडमंड स्लेड आरमारात मोठ्या हुद्द्यावर होते. १९०७ ते १९०९ या काळात ते ब्रिटिश आरमाराच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते. म्हणजे साम्राज्याची समुद्रावरची गुपिते ज्याच्या टेबलावर येत, त्या माणसाची ही लेक. पुढे वडिलांची नेमणूक हिंदुस्थानच्या आरमारी ठाण्यावर झाली, तेव्हा मॅडेलिन मुंबईतही राहून गेल्या. साहेबांच्या बंगल्यांतून दिसते तेवढेच मुंबईत त्यांना दिसले. मन रमले ते बीथोवनच्या संगीतात. त्या संगीतापायी त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे गेल्या, आणि रोलाँ यांनी त्यांना गांधी नावाच्या माणसाची ओळख करून दिली. वर्षभर सूत कातून, जमिनीवर झोपून, मांसाहार सोडून त्यांनी स्वतःची तयारी केली आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये साबरमतीला पोहोचल्या. गांधींनी नाव ठेवले मीरा. मीराबेनने ब्रह्मचर्याचे व्रत घेतले, डोक्यावरचे केस उतरवले.

गांधीजी वर्ध्याला आले तेव्हा मीराबेनही आल्या. मगनवाडीजवळच्या सिंदी गावात सफाईचे काम कुणी करायचे, तर मीराबेनने. मग त्या शेगावात जाऊन राहिल्या, जे पुढे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे राहायला आले, तेव्हा वाट मीराबेनने आधीच पाडून ठेवली होती. आज आपण जिला बापू कुटी म्हणतो आणि पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने दाखवतो, ती झोपडी मुळात मीराबेनची. कुडाच्या भिंती, वर कवेलू, शेणाने सारवलेली जमीन. भिंतीवर मातीत उठवलेली झाडे आहेत ना, ती त्यांच्या हातची. मी मुलांना घेऊन जातो तेव्हा त्या झाडांसमोर हमखास थांबतो. ओल्या मातीवरून बोट फिरल्याशिवाय तशी गोलाई येत नाही. इंग्लंडातल्या ॲडमिरलच्या मुलीचे ते बोट, शेगावच्या मातीवरचे.

आता दुसरा माणूस. पृथ्वीसिंह आझाद. जन्म त्यांचाही १८९२चाच, पंजाबातल्या लालरूचा. तरुणपणी अमेरिकेत गदर चळवळीत सामील झाले आणि महायुद्ध पेटताच बंड करायला मायदेशी परतले. पकडले गेले. लाहोर कटाच्या ज्या खटल्यात आपले तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे आणि कर्तारसिंग सराभा नोव्हेंबर १९१५ मध्ये फासावर गेले, त्याच खटल्यात पृथ्वीसिंहांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. सावरकर बंधू होते त्याच अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये त्यांनी दिवस काढले. पुढे मुख्य भूमीवरच्या तुरुंगांत आणले गेले आणि १९२२ मध्ये एका तुरुंगातून दुसरीकडे नेले जात असताना त्यांनी धावत्या आगगाडीतून उडी मारली.

तिथून १६ वर्षे हा माणूस सरकारच्या हाती लागला नाही. या १६ वर्षांवर जरा थांबू या, कारण मालिकेतल्या हेराला जे भोगावे लागते ते इथे आहे. भावनगरात ते राहिले, व्यायामशाळा चालवली, पोरांना लाठी आणि मल्लखांब शिकवला. गावात त्यांचे नाव होते स्वामीराव. शेकडो पोरे ज्यांच्या पाया पडत होती, त्यांचे खरे नाव त्या पोरांना ठाऊक नव्हते. मधल्या काळात ते सोव्हिएत रशियातही जाऊन आले. दारावर थाप पडली की आधी मागचे दार आठवायचे. ओळख जुळू लागली की अंतर ठेवायचे. जवळ येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर धोकाही जवळ येतो. १६ वर्षे असे जगलेल्या माणसाच्या मनाला काय वळण लागत असेल, त्याचा विचार करा.

मे १९३८ मध्ये जुहूला पृथ्वीसिंह गांधींसमोर आले, खरे नाव सांगितले आणि स्वतःला स्वाधीन केले. गांधींनी ते लपवले नाही, पोलिसांना कळवले आणि 'हरिजन'मध्ये जाहीर लिहिले. पुन्हा तुरुंग. गांधींनी सुटकेसाठी शब्द टाकत राहणे सोडले नाही आणि सप्टेंबर १९३९ मध्ये पृथ्वीसिंह बाहेर आले. आले ते सेवाग्रामला.

दोघेही ४७ वर्षांचे. एक गुप्तवार्ता प्रमुखाची मुलगी, दुसरा त्याच साम्राज्याचा फरारी. मीराबेनचे मन त्यांच्यावर बसले. उमाळा असा, की १४ वर्षे पाळलेले व्रत त्यांना अडवू शकले नाही. आणि मला जे सगळ्यात मोठे वाटते ते हे, की त्यांनी लपवाछपवी केली नाही. गांधींना सांगितले. आश्रमात, जिथे प्रत्येकाच्या डोळ्यांत प्रत्येकाचे वागणे होते, तिथे सांगितले.

आपल्याला वाटेल, आता गांधी दरडावतील. विवाहित जोडप्यांनाही ब्रह्मचर्य सांगणारे गांधी! स्वतःच्या मुलाला, देवदासला, राजाजींच्या मुलीशी, लक्ष्मीशी लग्न करायचे होते तेव्हा दोन्ही वडिलांनी दोघांना काही वर्षे लांब राहायला लावले होते. पण इथे गांधींनी उलटे केले. पृथ्वीसिंहांना त्यांनी सांगितले, की तुमचे मन असेल तर मीराशी लग्न करा, माझा आशीर्वाद आहे. स्वतःच्या नियमापेक्षा त्यांना त्या बाईचे मन मोठे वाटले. गांधींवर टीका करणाऱ्यांनी आणि त्यांची पूजा करणाऱ्यांनी, दोघांनीही ही गोष्ट नीट पाहावी असे मला वाटते.

पृथ्वीसिंह नाही म्हणाले.

मालिकेत ताटातूट वरून येते. साहेबाचा फोन येतो, सीमा बंद होते, गाडी सुटते. सेवाग्रामला तसे काही झाले नाही. सरकारने अडवले नाही, गुरूने अडवले नाही. एकाच्या मनात होते, दुसऱ्याच्या मनात नव्हते. पृथ्वीसिंहांना मी दोष देत नाही. प्रेम मागून मिळत नाही आणि नको असलेले लग्न गांधींच्या शब्दाखातर करणे हा मीराबेनचा अपमान ठरला असता. मला मात्र राहून राहून वाटते, की १६ वर्षे स्वामीराव होऊन राहिलेल्या माणसाला कुणाचे तरी होऊन राहणे शक्य उरले होते का? हा माझा अंदाज आहे, त्याला पुरावा नाही.

मीराबेन सेवाग्राम सोडून हिमालयाच्या पायथ्याशी गेल्या आणि दीर्घ काळ मौन धरले. १९४२ उजाडले आणि त्या परत कामाला उभ्या राहिल्या. जपानी सैन्य ओडिशाच्या किनाऱ्यावर उतरेल अशी भीती होती, तेव्हा गांधींनी तिथे पाठवले ते त्यांना. लोकांनी जपान्यांना कसे तोंड द्यायचे, हे त्यांनी प्रश्न करून लिहिले आणि गांधींनी उत्तरे दिली. १४ जुलै १९४२ रोजी इथे वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने 'चले जाव'चा ठराव केला. ऑगस्टमध्ये त्या आगाखान पॅलेसमध्ये गांधींबरोबर स्थानबद्ध झाल्या. बाहेर सरकार काँग्रेसवर जपानधार्जिणेपणाचा आळ घेत होते, तेव्हा ॲडमिरलच्या या मुलीने आतूनच व्हाइसरॉयला पत्र लिहून तो खोडून काढला. पृथ्वीसिंहांनी त्याच सुमारास अहिंसेचा मार्ग सोडला आणि ते कम्युनिस्टांकडे गेले.

१९५९ मध्ये मीराबेनने भारत सोडला. शेवटची वर्षे त्यांनी ऑस्ट्रियात काढली, बीथोवन जिथल्या रानावनांत हिंडत असे त्या भागात. १९६० साली त्यांचे आत्मचरित्र आले. या प्रेमाबद्दल त्यात त्या बोललेल्या नाहीत. तो त्यांचा अधिकार होता. २० जुलै १९८२ रोजी त्या गेल्या. पृथ्वीसिंह १९८९ पर्यंत जगले.

त्यांनी न बोलणे वेगळे आणि आपण न बोलणे वेगळे. आपण गप्प बसतो ते संकोचाने, आश्रमाच्या नावाला बट्टा लागेल या भीतीने. हे झाले १९४०च्या सुमारास, आणि गांधींना त्यात बट्टा दिसला नव्हता. मग आपल्याला तो का दिसावा? ज्या बाईने या मातीत हात घातले, गावाची घाण उपसली, राजवाड्यासारख्या तुरुंगात कैद सोसली, तिने एकदा प्रेमही केले, ते खरेपणाने केले आणि नकार आल्यावर पुन्हा कामाला लागली. यातले कोणते वाक्य मुलांना सांगण्यासारखे नाही?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे पाहुणे येतील. त्यांना घेऊन सेवाग्रामला जाल तेव्हा बापू कुटीच्या त्या भिंतीजवळ दोन मिनिटे थांबा. ही झोपडी आधी मीराबेनची होती, हे सांगा, आणि बाकीचेही सांगा.