मशीनवरचे सोने



आज आम्ही जुन्या शिवणयंत्राविषयी बोलणार आहोत. शिवणयंत्र हा पुस्तकातला शब्द. आपण सारे मशीन म्हणतो. आम्हीही मशीनच म्हणू.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी सासूची किंवा आजेसासूची मशीन असेल. काळी, जड, बिडाच्या पायांवर उभी. अंगावर सोनेरी अक्षरे आणि वेलबुट्टी. आता ती कोपऱ्यात पडली आहे. तिच्यावर गोधड्यांची चळत आहे. काळा रंग तपकिरी झाला, सोने दिसेनासे झाले, चाक हाताने हलत नाही. मग एक दिवस भंगारवाला दारात येतो आणि लोखंडाच्या भावाने तिचे वजन करायला निघतो.

आमचे म्हणणे असे की, त्याला हो म्हणण्याआधी दोन-चार दिवस थांबा. रंग गेला असे जे दिसते, तो बहुतेक वेळा गेलेला नसतो. तो झाकलेला असतो. कशाने झाकला, ते सांगतो. पण आधी आमची चूक सांगतो. कारण हे शहाणपण आम्हाला फुकट आलेले नाही.

धुळ्याकडच्या एका गावात आम्ही शिवणवर्ग चालवीत होतो. वर्गाला एका आजीने आपली मशीन दिली. ती तिच्या लग्नातली. तिच्यावर सोनेरी चित्र होते. धड सिंहाचे, तोंड माणसाचे. असली मूर्ती मिसर देशात आहे. कारखान्याने तिचे चित्र काही मशिनींवर छापले होते. आजी मात्र तिला नरसिंह म्हणायची. दर खंडेनवमीला त्या नरसिंहाला कुंकू लागायचे.

मशीन मळकट होती. आम्हाला वाटले, आजीला खूश करू. एकाने स्पिरिटची बाटली आणली. फडक्यावर स्पिरिट घेतले आणि घासघास घासले. मळ निघाला. आम्ही आनंदाने आणखी घासले. मग पाहतो तो फडके पिवळे झालेले! नरसिंहाचे तोंड गेले, पाठ गेली. कारखान्याच्या नावातली तीन अक्षरे तेवढी उरली.

आजी आली. मशिनीवरून हात फिरवला. म्हणाली, “सोनं कथा गयं रे भाऊ?” कुठे गेले सोने? आम्ही काय उत्तर देणार? मशीन चालत होती, टाका उत्तम पडत होता. आजीने वर्गाला दिलेली मशीन परत नेली नाही, रागावली नाही. पण ती पुन्हा त्या मशिनीवर बसली नाही.

तेव्हा आम्ही जाणत्या कारागिरांना विचारले. त्यांनी सांगितले ते असे.

जुन्या मशिनीचा काळा रंग म्हणजे साधा तेलरंग नव्हे. डांबराच्या जातीचा काळा पदार्थ, जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे ते रोगण. ते लोखंडावर लावायचे आणि भट्टीत भाजायचे. पुन्हा लावायचे, पुन्हा भाजायचे. म्हणून तो रंग मडक्यासारखा पक्का. त्याच्यावर सोनेरी चित्र बसवायचे. आणि त्या चित्राच्या रक्षणाला वर एक पातळ, पारदर्शक रोगण. लाखेच्या रोगणासारखे. सगळी नाजूक जागा हीच आहे. स्पिरिट लागले की हे वरचे रोगण विरघळते. त्याच्याबरोबर सोने फडक्यावर येते. काळा रंग राहतो, नक्षी जाते. धुण्याचा सोडा, राख, काचपेपर, रंगाचा थिनर, हे सारे त्याच माळेचे मणी. त्यांतले काहीही काळ्या अंगाला लावू नये.

मग वरचा तपकिरी थर कसला? बायांनो, तो आपल्या स्वयंपाकघरातला आहे.

मशीन जड चालू लागली की आपण काय करतो? घरात जे तेल असेल ते घालतो. शेंगदाण्याचे घालतो, करडईचे घालतो. पहिल्या दिवशी मशीन पळते. पण ही तेले हवा खातात आणि हळूहळू चिकट होतात. चुलीजवळच्या फळीवर तेलाच्या डब्याखाली जो पिवळा चिकटा बसतो, नखाने खरवडला तरी निघत नाही, तोच हा. जवसाचे तेल तर याबाबतीत सर्वांत पुढे. त्या गुणामुळेच ते रंगात घालतात. रंगात जो गुण, तो मशिनीच्या सांध्यात अवगुण झाला! खोबरेल तेलाची तऱ्हा आणखी निराळी. आपल्याकडे पौषात थंडी पडली की केसाच्या तेलाची बाटली गोठते. मशिनीच्या पोटातले खोबरेलही तसेच गोठते. मग बाई म्हणते, सकाळी मशीन चालत नाही, दुपारी चालते, हिला काही झालंय का? काही झालेले नाही. ऊन लागले की तेल वितळते, एवढेच.

त्या चिकट्यावर आपली काळ्या मातीची धूळ बसते. खानदेशात कापूस पिकतो, तेव्हा त्याचे तंतूही बसतात. वर्षानुवर्षे थरावर थर. मशिनीचे मूळ रूप आत सुखरूप असते.

मशिनीसाठी जे पातळ, पांढरे तेल बाजारात मिळते, ते खनिज तेल आहे. ते चिकट होत नाही. छोटी बाटली थोड्या पैशांत येते. आणि गंमत अशी की, जुना चिकटाही हेच तेल काढते.

आता पारोळे तालुक्यातल्या एका बाईची गोष्ट सांगतो. म्हणजे काम कसे करायचे ते कळेल. बाई विधवा. दोन मुले शाळेत. आखाजीला पंधरा दिवस राहिले होते. आखाजीला लेकी माहेरी येतात, त्यांना चोळ्या, झंपर, पोरींना परकर शिवायचे असतात. वर्षातली मोठी कमाई त्या दिवसांतली. आणि तिची मशीन अडकली होती. नवी घ्यायला पैसा नाही. भंगारवाल्याने भाव सांगून ठेवला होता.

आम्ही मशीन ओसरीवर घेतली. प्रथम कोरड्या, मऊ कुंच्याने धूळ आणि तंतू झाडले. मग जुन्या धोतराचे मऊ फडके घेतले. काचपेपर नाही, काथ्या नाही. मशिनीच्या खालच्या बाजूला, जिथे कोणी पाहत नाही, तिथे तेलाचा बोळा फिरवून पाहिला. फडक्याला तपकिरी लागले तर मळ. सोनेरी किंवा काळे लागले तर थांबायचे. तपकिरी लागले. मग सगळ्या अंगाला तेल चोपडले आणि मशीन रात्रभर तशीच ठेवली. सकाळी हलक्या हाताने पुसली. पुन्हा तेल, पुन्हा रात्र. सोन्यावर तर घासायचेच नाही. बोळा नुसता टेकवायचा आणि उचलायचा. लहान मुलाचे डोळे पुसतो तसा. जाड चिकटा होता तिथे बांबूची कामटी तासून घेतली आणि हळूच उचलला. लोखंडी सुरी वापरली नाही.

बाई तीन दिवस आमच्याकडे पाहत होती. तिला वाटले असेल, ही माणसे नुसती गोंजारत बसली आहेत. चौथ्या दिवशी अक्षर उमटले. सिंगर. बाईला वाचता येत होते. मागल्याच वर्षी ती साक्षरतेच्या वर्गात शिकली होती. तिने बोट ठेवून वाचले नाही, कारण अक्षरे इंग्रजी होती. पण शेजारच्या पट्टीवरचे आकडे तिने विचारून विचारून ओळखले. मशिनीच्या तळपट्टीवर क्रमांक कोरलेला असतो. १९०० नंतरच्या सिंगर मशिनींवर त्या क्रमांकाआधी अक्षर असते. कंपनीच्या नोंदींवरून त्या क्रमांकाचे साल काढता येते. आपल्या देशात यातल्या पुष्कळ मशिनी स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आल्या. तो कारखाना १९८० साली बंद झाला. त्याच्या मशिनी अजून पारोळ्यात चालतात.

आतल्या भागांना रॉकेल लागते. हल्ली रेशनवर ते पूर्वीसारखे मिळत नाही, म्हणून जपून वापरावे. सांध्यांत थेंब थेंब सोडावे, चाक हाताने मागेपुढे हलवत राहावे. जोर करू नये. सुटले की सगळे रॉकेल पुसून काढावे आणि मशीनचे तेल घालावे. रॉकेल काळ्या अंगावर सांडले तर लगेच टिपावे. चुलीपासून, विडीपासून लांब बसावे. भिजलेली फडकी घरात गोळा करून ठेवू नयेत.

चकचकीत भाग, म्हणजे चाकाची कड आणि पुढची पट्टी. यांच्यावर गंज असेल तर खडूची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून फडक्याने चोळावी. मुलामा फार पातळ असतो. गंजाचा एखादा ठिपका राहिला तर राहू द्यावा. आमच्यातल्या काहींना तेवढाही ठिपका खपत नाही. त्यांच्या हातात मशीन देऊ नये!

आता चमक. मळ गेल्यावर काळे अंग कधी निस्तेज दिसते, कारण वरचे रोगण विरळ झालेले असते. तिथे लाखेचे पॉलिश लावता येते. लाख आपल्याच देशातली. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर एक बारीक किडा ती तयार करतो. लाकडाला पॉलिश करणाऱ्या सुताराला विचारा, तो पापुद्र्यासारखी लाख कुठे मिळते ते सांगेल. १० ग्रॅम लाख १०० मिलिलिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये टाकावी. काचेच्या बाटलीत एक रात्र ठेवावी. मग फडक्यातून गाळावी. हे स्पिरिट विषारी असते. पोटात गेले तर डोळे जातात, जीवही जातो. मुलांच्या हाताला लागू देऊ नका. तयार पॉलिश फार महिने ठेवू नये. जुने झाले की वाळतच नाही, बोटाला चिकटते.

तुम्ही म्हणाल, आत्ताच तर स्पिरिट वाईट म्हणालात! बरोबर आहे. म्हणून तर हात कसा चालवायचा हे शिकले पाहिजे. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळावा. त्याला पॉलिश लावून जवळजवळ कोरडा पिळावा. वर मशीनच्या तेलाचा एकच थेंब. मग एका दमात, एका दिशेने फिरवावा. गेलेल्या जागी लगेच परत जाऊ नये. अर्धा तास थांबावे. असे पाच-सहा पातळ हात. सोने उघडे पडले असेल, त्याला पॉलिश लावूच नये. तिथे नुसते तेलाचे बोट पुरे.

हे काम पावसाळ्यात करू नका. हवेत दमटपणा असला की पॉलिशवर पांढरी साय धरते. वैशाखातल्या दुपारीही करू नका. आपल्याकडचे ऊन असे की बोळा टेकण्याआधीच स्पिरिट उडून जाते. आम्ही पारोळ्याकडे सकाळी सहा ते आठ काम करीत होतो.

तिथे एका भावाने विचारले, “तुम्ही गांधीजींची नावे घेता आणि यंत्राची एवढी सेवा करता?” प्रश्न चांगला होता. गांधीजी १९३६ च्या डिसेंबरात आपल्या जिल्ह्यात फैजपूरला आले होते. खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन. यंत्रांविषयी त्यांचे मत कडक होते, हे खरे. पण १९२४ सालीच त्यांनी सिंगरच्या मशिनीला त्यातून वगळले होते. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ती काढली, असे ते सांगत. ती गोष्ट काही खरी धरता येत नाही. सिंगरचा हक्क १८५१ सालचा, आणि त्याच्याआधी १८४६ साली हाऊ नावाच्या माणसाने मशीन काढली होती. पण माणसाच्या पाठीचा कणा वाचवणारे यंत्र चालेल, हा गांधीजींचा हिशेब आम्हाला पटतो. त्या भावाला आम्ही एवढेच सांगितले. तो हसला आणि चाक धरायला बसला.

आणखी एक. खंडेनवमीला मशिनीची पूजा जरूर करा. पण ओले कुंकू आणि हळद सोन्यावर महिनोन्‌महिने ठेवू नका. ओलीने रोगणावर डाग पडतो. आम्ही आता बायांना सांगतो, बोट लाकडी फळीला लावा. आजीच्या नरसिंहाच्या कपाळावरही असाच एक डाग होता. आम्ही तो काढायला गेलो, आणि नरसिंहच गेला.

पारोळ्याच्या बाईची मशीन आखाजीच्या आठ दिवस आधी सुरू झाली. चामड्याची वादी नवी लागली, सुई नवी लागली. बाकी सगळे जुनेच. आम्ही पहिला टाका घालून पाहण्यासाठी चिंधी शोधत होतो. तेवढ्यात शेजारीण परकराचे कापड घेऊन आली. बाईने आम्हाला उठवले आणि स्वतः बसली.