साउंडवाल्या भाऊंना ऑक्स मागा

नवरात्र, कोजागिरी आणि पाठोपाठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. या दिवसांत आपल्या नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत बायकांची भजनी मंडळं मंचावर बसतात. बचत गटांमधल्या आम्ही पुष्कळ जणी त्यांत असतो, म्हणून आज बोलायचं आहे ते साउंड सिस्टीमबद्दल.

मंचावर काय होतं बघा. मोठे बॉक्स लोकांकडे तोंड करून असतात. गाणारीच्या कानाशी मात्र खंजेरी आणि टाळ. तिला स्वतःचा सूर ऐकूच येत नाही. मग ती ताणते, सूर चढतो, दोन दिवस घसा बसतो. वरून लोक म्हणतात, बायकांना माईकवर गाता येत नाही. येतं हो! तिचा आवाज तिला कोणी ऐकवतच नाही. आणि "भाऊ, आवाज वाढवा" म्हटलं की भाऊ बाहेरचे बॉक्स वाढवतात, अन् शिट्टी सुरू.

यावर उपाय भाऊंच्या मिक्सरवरच असतो. (वाटणाचा मिक्सर नव्हे, बटणांचा.) प्रत्येक माईकची त्यावर एक उभी रांग असते, तिला चॅनल म्हणतात. त्या रांगेत ऑक्स नावाचं एक गोल बटण असतं. मुख्य आवाज बॉक्सकडे जातो, आणि ऑक्स त्याच माईकचा थोडा आवाज वेगळ्या वाटेनं बाहेर काढतो. त्या वाटेला गाणारीसमोर ठेवायचा छोटा स्पीकर जोडतात, तो मॉनिटर. त्यात तिचा आवाज आणि पेटी द्यायची, खंजेरी द्यायची गरज नाही, ती तशीच ऐकू येते.

इथं एक बारकावा आहे. फोडणी देण्याआधी आपण बाळासाठी वाटीभर वरण वेगळं काढतो ना? मग पातेल्यात तिखट किती पडलं, याचा वाटीला फरक पडत नाही. तसा फेडरच्या आधी काढलेला ऑक्स म्हणजे प्री. भाऊंनी बाहेरचा आवाज कमी-जास्त केला तरी गाणारीचा तसाच राहतो. फोडणीनंतर काढला तर पोस्ट. तो बाहेरच्याबरोबर हलतो, आणि आवाज घुमवणाऱ्या इकोसाठी बरा. म्हणून मागताना म्हणा, "मॉनिटरला प्री ऑक्स द्या."

मॉनिटर माईकच्या पाठीमागे, गाणारीकडे तोंड करून हवा. मंचावरचे नेहमीचे माईक समोरचं जास्त घेतात, पाठीमागचं कमी. माईकची जाळी मात्र मुठीत धरू नका. जाळी झाकली की माईक सगळीकडचं ऐकायला लागतो आणि शिट्टी वाजते. टीव्हीवरचे गायक तसं धरतात, तरीही नको.

आता घरातल्या किंवा गटाच्या बॉक्सवर ऑक्स लिहिलेलं छोटं भोक असतं, ते वेगळं. मिक्सरचा ऑक्स बाहेर जाणारी वाट, हा आत येणारी. मोबाईलमधलं गाणं बारीक पिनेच्या वायरनं यात लावायचं. मोबाईल माईकच्या जागी लावला तर आवाज फाटतो, कारण माईकचा आवाज अगदी नाजूक असतो, ती जागा त्याला शेकडो पटींनी मोठा करते. आणि ॲम्प्लिफायरमधून स्पीकरला जाणारी वायर कोणत्याही ऑक्समध्ये कधीच खुपसू नका, मशीन जळू शकतं.

बायकांचा गट सिस्टीम भाड्यानं घेत असेल तर मॉनिटर त्यात धरलाय का, हे ठरवतानाच विचारा. नंतर मागितलं तर भाऊ म्हणतात, "ताई, त्याचे वेगळे पडतील." भजन सुरू व्हायच्या अर्धा तास आधी एकीनं मंचावर बसून पूर्ण आवाजात एक कडवं म्हणून बघायचं, हळू आवाजात तपासून उपयोग नाही. रात्री दहानंतर उघड्यावर भोंगा चालवायला कायद्यानं मनाई आहे, म्हणजे वेळ आधीच तपासात घालवलेली बरी. चालू करताना मिक्सर आधी, ॲम्प्लिफायर शेवटी. बंद करताना उलट, ॲम्प्लिफायर आधी. नाहीतर बॉक्समधून धप्प असा धक्का येतो.