हिशेब वाचून दाखवणारी पिढी
(व्यवसाय शिक्षण परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदावर एखाद्या कुलगुरूंना किंवा कारखानदाराला बोलावण्याचा रिवाज मोडून तुम्ही एका निवृत्त शिल्पनिदेशकाला बोलावलेत. माझी नोकरी लेथच्या आवाजात गेली. तिथे लांबलचक बोलून उपयोग नसतो, काम दाखवावे लागते. म्हणून थेट विषयाला हात घालतो.

शाळा सोडलेल्या मुलामुलींमध्ये नेतृत्व, ध्येयनिश्चिती आणि उद्योजकता कशी रुजवावी, हा आपला विषय आहे. हे तीन शब्द एकत्र आले की आपल्याला व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर आठवते. पहिल्या दिवशी ध्येय, दुसऱ्या दिवशी नेतृत्व, तिसऱ्या दिवशी यशस्वी उद्योजकाचे व्याख्यान, मग प्रमाणपत्र आणि फोटो. चौथ्या दिवशी मुलगा पुन्हा पारावर. माझे म्हणणे एकच आहे. हे गुण सांगून अंगी येत नाहीत. खऱ्या कामाची आणि खऱ्या पैशाची जबाबदारी हाती आली, तिचा हिशेब चारचौघांत द्यावा लागला आणि पाठीशी एखादे जाणते माणूस पुरेसा काळ उभे राहिले, तरच ते येतात.

आपण कोणाबद्दल बोलतो आहोत, ते आधी पाहू. महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले दहावीच्या परीक्षेला बसतात. गेल्या काही वर्षांत निकाल नव्वद टक्क्यांच्या वर लागतो आणि वर्तमानपत्रे पेढ्यांच्या फोटोंनी भरून जातात. पण नापासांचे प्रमाण पाच टक्के धरले तरी ती पाऊण लाख मुले होतात. शिवाय आठवी-नववीतच गळालेली, १७ नंबरचा फॉर्म भरून परीक्षेला न गेलेली आणि पास होऊनही पुढे प्रवेश न घेतलेली मुले वेगळीच. त्यांना बिनकामाची समजण्याची चूक समाज करतो, आपण करू नये. गावातल्या गणेश मंडळाकडे बघा. वर्गणीची पावतीपुस्तके छापणे, मंडपवाल्याशी घासाघीस, पोलीस परवानगी, विसर्जनाच्या मिरवणुकीचा बंदोबस्त, हे सगळे कोण करते? बऱ्याचदा हीच मुले. व्यवस्थापन त्यांना येते. मात्र ते दहा दिवसांत संपते आणि शेवटी हिशेब क्वचितच कोणी मागते.

आपली परंपरा या बाबतीत गरीब नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना वसवला, तेव्हा पदवीधरांची रांग तिथे लागलेली नव्हती. अनंतराव फळणीकर हे शाळा सोडलेले, पण कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावाजले गेले. के. के. कुलकर्णी परीक्षेत नापास झालेले, त्यांनी व्यवस्थापनाची नाना कामे पेलली. शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोश्यावर लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या राखणीची जबाबदारी टाकली. माणसाचा दाखला न बघता त्याच्या हातात काम देऊन बघणे, ही त्यांची निवडपद्धती होती.

त्याच किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत एक तरुण गावोगाव हिंडला. मॅट्रिकचा टप्पाही त्याने गाठलेला नव्हता. त्याने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि तिच्या वसतिगृहांत मुलांनी श्रम करून शिकावे असा शिरस्ता घातला. त्या तरुणाची, म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांची, 'कमवा आणि शिका' ही योजना आज आपण मदतीची योजना म्हणून ओळखतो. माझ्या मते ती स्वाभिमानाची शाळा होती. दळण, स्वयंपाक, शेत, बांधकाम ही कामे मुलांनीच करायची, म्हणजे ती वाटून द्यावी लागतात, चुकारपणा करणाऱ्याला समज द्यावी लागते, धान्य महिनाभर पुरवावे लागते. नेतृत्वाचा याहून चांगला अभ्यासक्रम मी पाहिलेला नाही.

तिसरे नाव डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे. हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधनाचे मोठे पद सोडून १९८३ साली ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात शाळा सोडलेली मुले शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशा चारही अंगांची कामे शिकतात. या पद्धतीचे मर्म असे की शिकणाऱ्याने गावाला उपयोगी पडणारी सेवा द्यायची. गिऱ्हाइकाला गेट हवे असते, त्याला सरावाचा तुकडा नको असतो. गेट वाकडे झाले तर ते परत येते. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर पाबळच्या घुमटाकार घरांचे तंत्र मराठवाड्यापर्यंत पोहोचले. दहावी नापास मुलाचे हात अशा कामाला लागले की स्वतःकडे बघण्याची त्याची नजर बदलते.

आता आजच्या अडचणीकडे येतो. शाळा सुटते पंधराव्या-सोळाव्या वर्षी. कायद्याने करार करता येतो अठराव्या वर्षी. मुद्रा असो, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम असो की मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, कर्जाचा दरवाजा अठराच्या आत उघडत नाही, आणि ते योग्यच आहे. धोक्याच्या कामांवर अठराच्या आतल्या मुलांना बंदी आहे, तेही योग्यच. पण मधल्या दोन-तीन वर्षांचे काय? आयटीआयचे दार चौदाव्या वर्षापासून उघडे आहे, पण जागा आणि ट्रेड मोजकेच. ज्याला तिथे जागा मिळत नाही तो हॉटेलात, गॅरेजवर, उसाच्या फडात नाहीतर नेत्याच्या गाडीमागे दिसतो. अठरा पूर्ण होतात तेव्हा कर्ज मागायला लागणारी एकही गोष्ट त्याच्याकडे नसते. हिशेबाची सवय नसते आणि त्याच्याबद्दल चार चांगले शब्द सांगणारे गिऱ्हाईकही नसते. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला भोपळा बांधत. पाणी खरेच खोल असे, भोपळा फक्त बुडू देत नसे. सोळा ते अठरा या वयात संस्थेने नेमके तेवढेच काम करायचे आहे.

ध्येयनिश्चितीपासून सुरुवात करू. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या ऊसतोड कुटुंबातल्या मुलाला 'पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे पाहतोस' असे विचारणे ही थट्टा होते. घराने मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि येणारा हंगाम आधीच विकलेला असतो. मुलाचे लग्न लवकर झाले तर घरात आणखी एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, होतो, म्हणून लग्नाची घाई असते. अशा घरात ध्येयाची सुरुवात कर्जाच्या आकड्यापासून करावी लागते. उचल किती, फिटली किती, एका माणसाने गावीच राहून काम केले तर महिन्याला किती सुटेल आणि तेवढ्याने किती हंगामांत उचल संपेल? कागदावर हे मांडले की त्या मुलाचे ध्येय 'मोठा माणूस होणे' इतके धूसर राहत नाही. 'येत्या दिवाळीला घरातला एक कोयता कमी करायचा' इतके ते स्पष्ट होते. त्यात काम आहे, रक्कम आहे आणि तारीख आहे. या तीन गोष्टी नसतील तर त्याला ध्येय म्हणू नका, इच्छा म्हणा.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. म्हणजे ज्या दोन वर्षांबद्दल मी बोलतो आहे, ती त्यांना मिळालीच नाहीत. मुलीसाठी आपण शिवण आणि ब्युटी पार्लर एवढ्यावरच थांबतो. ते व्यवसाय चांगले आहेत, पण रोपवाटिका, सोलर पंपांची दुरुस्ती, दूध संकलन, मोबाइल दुरुस्ती यांत मुली मागे पडण्याचे काहीही तांत्रिक कारण नाही. कमावती मुलगी घरात बोलू लागते आणि तिच्या लग्नाची तारीख ठरवताना तिला विचारावे लागते. म्हणून मुलींची तुकडी भरणे हे आकडे पूर्ण करण्याचे काम समजू नका.

नेतृत्वाबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडलेले वीस-पंचवीस चेहरे दिसतात. 'भावी' हा शब्द त्या प्रत्येकाच्या नावामागे लागलेला असतो. आपल्या मुलांपुढे नेतृत्वाचा हा एकच नमुना ठेवला जातो. दुसरा नमुना त्यांच्याच घरात आहे, आईच्या बचत गटात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नोंदी ही तिथली पंचसूत्री. अक्षरओळख जेमतेम असलेली बाई तिथे अध्यक्ष होते, हप्ता चुकवणाऱ्या शेजारणीला भांडण न होऊ देता समजावते आणि सगळ्यांसमोर पासबुक उघडून दाखवते. मी तर म्हणेन, प्रशिक्षणार्थींचे दहा-बारा जणांचे गट करा, प्रत्येक महिन्याला अध्यक्ष आणि खजिनदार बदला आणि महिनाअखेरीला खजिनदाराने उभे राहून जमाखर्च वाचलाच पाहिजे असा नियम करा. ज्याला पैशाचा हिशेब मोठ्याने वाचता येतो आणि त्यावरचे प्रश्न ऐकून घेता येतात, त्याच्या हाती उद्या ग्रामपंचायत द्यायला हरकत नाही.

उद्योजकतेचा धडा मी वर्कशॉपमधूनच देतो. खिडकीची जाळी बनवणारा मुलगा भाव कसा काढतो, ते विचारा. तो लोखंडाचे वजन धरतो, वेल्डिंगचे रॉड धरतो. फार तर प्रायमर धरतो. कटिंग व्हील, वीज, टेंपोचे भाडे आणि यंत्राचा घसारा विसरतो. आणि नव्वद टक्के वेळा, हा माझा अंदाज आहे, तो स्वतःची मजुरीच विसरतो. पुढे गिऱ्हाईक उधारी मागते आणि ते नेमके भावकीतले असते. नाही म्हणावे तर नाते तुटते, हो म्हणावे तर भांडवल अडकते. छोटे व्यवसाय कौशल्याअभावी कमी आणि उधारीपायी जास्त बुडतात, असे माझे निरीक्षण आहे. म्हणून उधारीची वही कशी ठेवायची, निम्मी रक्कम आगाऊ कशी मागायची, मामाला नम्रपणे नकार कसा द्यायचा, हे अभ्यासक्रमात आले पाहिजे. ते शिकवायला बाजारपेठेतला जुना दुकानदार बोलवा. तो आपल्यापेक्षा चांगले शिकवेल.

शासकीय योजना आहेत आणि त्या वाईट नाहीत. छत्रपती संभाजीनगरचे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८पासून काम करते आहे. जिल्हा उद्योग केंद्रे आहेत, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. उद्यम नोंदणी विनाशुल्क आहे. शिशु मुद्रा कर्ज पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकते. पण योजनेची मुलांपर्यंत पोहोचणारी बातमी एकाच शब्दाची असते, ती म्हणजे सबसिडी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून राहते, हे त्यांना एजंट सांगत नाही. ते तरुणाला आधी समजावले तर तो अनुदानासाठी धंदा काढणार नाही, धंद्यासाठी कर्ज काढेल.

आता या परिषदेपुढे चार सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक प्रशिक्षण संस्थेत आठवड्यातला एक दिवस गावाच्या कामाचा असावा. गिऱ्हाईक खरे, पावती खरी आणि मिळकतीतला वाटा मुलांच्या बँक खात्यात. कामे मात्र त्या वयाला सुरक्षित अशीच निवडावीत. दुसरी, प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षे दहा मुलांमागे एक जाणता पाठीराखा असावा. निवृत्त शिल्पनिदेशक, बँक अधिकारी, व्यापारी असे लोक गावोगाव रिकामे बसलेले आहेत. त्यांना प्रवासखर्च आणि मान द्या. तिसरी, संस्थेने छोटा जोखीम निधी उभारावा. त्यातून मुलांच्या गटाला थोडी रक्कम द्यावी आणि एकच नियम ठेवावा: हिशेब पूर्ण असेल तर तोटा माफ, हिशेब अपुरा असेल तर नफ्यालाही शाबासकी नाही. चौथी, आपले यश वाटलेल्या प्रमाणपत्रांवर मोजणे थांबवावे. दोन वर्षांनी किती व्यवसाय चालू आहेत, किती बंद पडले आणि का, हे अहवालात छापावे. बंद पडलेल्यांची कारणे पुढच्या तुकडीला सर्वांत जास्त शिकवतील.

काही जण म्हणतील, मुले पैसे बुडवतील. बुडवतील, काही जण नक्कीच. पण हजार-दोन हजारांत सोळाव्या वर्षी बुडणे स्वस्त आहे. तेच पंचविसाव्या वर्षी वडिलांची जमीन गहाण ठेवून झाले तर अख्खे कुटुंब बुडते. आणि एक सावधगिरीही सांगतो. प्रत्येकाने उद्योजक व्हावे असा माझा आग्रह नाही. चोख नोकरी करणारा फिटर हा समाजाचा तितकाच मोठा आधार आहे. मात्र त्यालाही स्वतःच्या श्रमाची किंमत काढता आली पाहिजे आणि ती ठामपणे मागता आली पाहिजे.

माझी शेवटची विनंती आयोजकांना आहे. पुढच्या वर्षी अध्यक्षीय भाषणाचा वेळ निम्मा करा आणि उरलेल्या वेळात या व्यासपीठावर पाच तरुण गटांना बोलावून वर्षभराचा जमाखर्च वाचू द्या. आपण खाली बसून प्रश्न विचारू. त्या पाच गटांची नावे आज दुपारच्या सत्रातच ठरवावीत, असा ठराव मी मांडतो आणि त्याला अनुमोदन देण्याचे आवाहन करतो.