नोंदवहीत न आलेले रुग्ण

रुग्णालयाच्या मनोविकार विभागातील बाह्यरुग्णांची नोंदवही उघडली, की त्या भागातील मानसिक आजारांचे चित्रच हाती आल्यासारखे वाटते. वास्तविक तीत दिसतात ती केवळ दारापर्यंत पोहोचलेली माणसे. हा भेद डेव्हिड गोल्डबर्ग व पीटर हक्सली या ब्रिटिश संशोधकांनी १९८० साली आकड्यांनिशी मांडला. त्यांच्या हिशेबाने हजार लोकांत वर्षभरात सुमारे २५० जणांना मनोविकाराचा त्रास होतो. त्यांपैकी २३० जण नेहमीच्या डॉक्टरकडे जातात, १४० जणांचा विकार त्या डॉक्टरच्या ध्यानात येतो आणि मनोविकारतज्ज्ञापर्यंत जेमतेम १७ जण जातात. बाकीचे वाटेतल्या चाळण्यांत अडकतात.

या चाळण्या कामगारवस्तीत कशा चालतात, हे पाहण्यास बंगळूरच्या वायव्येकडील पीण्या औद्योगिक क्षेत्र योग्य ठरावे. तुमकूर रस्त्यालगतच्या या विस्तीर्ण वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग घडविणारे, धातूंना मुलामा देणारे, कपडे शिवणारे लहानमोठे कारखाने दाटीने उभे आहेत. १९७४ साली स्थापन झालेली 'निम्हान्स' ही मनोविकारांवरील ख्यातनाम संस्था याच शहरात आहे. परंतु ती होसूर रस्त्यावर, शहराच्या दुसऱ्या अंगाला. तेथे जायचे म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे.

एखाद्या तरुणाला भास होऊ लागले, तो रात्र रात्र जागून ओरडू लागला, तर घरचे कर्ज काढूनही त्याला तेथे नेतात. शिलाईयंत्रावर बसणाऱ्या स्त्रीची खिन्नता मात्र कोणालाच अडचणीची वाटत नाही. तिचे काम तर चालू असते! जवळच्या दवाखान्यात ती सांगते अंगदुखी, छातीतील धडधड, 'सुस्तु' म्हणजे थकवा, 'तलेसुत्तु' म्हणजे चक्कर. ती ढोंग करीत नाही. तिला चक्कर खरोखरच येते. ताकदीच्या गोळ्या घेऊन ती परतते. दारूच्या आहारी गेलेला कामगारही बहुधा यकृताचा किंवा अपघाताचा रुग्ण म्हणूनच नोंदला जातो. मग नोंदवहीत छिन्नमनस्कता आणि उन्माद ठळक दिसतात, यात नवल ते काय?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना मनोविकार असल्याचे आढळले. खिन्नता, चिंता यांसारख्या विकारांच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांविना होते. (पाहणीच्या बारा राज्यांत कर्नाटक नव्हते, महाराष्ट्रही नव्हता.)

आणखी एक चाळणी आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात सत्तर टक्के वेतन मिळते, तेही वर्षातून ९१ दिवसच. दीर्घ आजारांच्या यादीत मात्र छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र मनोविकारांचा समावेश आहे. दोन वर्षांची सलग नोकरी व ठरावीक वर्गणी भरलेली असल्यास ऐंशी टक्के वेतन ७३० दिवसांपर्यंत मिळू शकते. पण त्यासाठी रोगाचे नाव कागदावर यावे लागते, आणि तेच तर कामगाराला नको असते. पर्यवेक्षकाच्या मेजावर मनोविकार विभागाची चिठ्ठी ठेवण्यापेक्षा 'ताप' लिहून घेणे त्याला बरे वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. ठेकेदाराच्या माणसाला तो सांगणार कोण? अशा रीतीने नोकरी वाचविण्यासाठी लपविलेल्या आजारापायी नोकरीने मिळवून दिलेला हक्क बुडतो.

यावर रुग्णालये वाढविण्याआधी एक साधा उपाय करता येण्याजोगा आहे. निम्हान्सने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना मनोविकार ओळखून औषध देण्याचे शिक्षण दिले होते. पीण्यातील दवाखान्यांत त्याचा अर्थ इतकाच, की 'सुस्तु' हा शब्द ऐकल्यावर डॉक्टरने झोपेविषयी, भुकेविषयी, जगण्याच्या कंटाळ्याविषयी चार प्रश्न विचारावेत. आणि ते पाळी सुटल्यावर, सायंकाळी, ती स्त्री मजुरी न बुडविता येऊ शकेल अशा वेळी विचारावेत.