वीज कुठे अडली?



समजा, मृगाचा पहिला पाऊस आहे. कनेरगाव नाक्यावर तिन्हीसांजेला वारा सुटला, दोनदा कडाडले आणि दिवे गेले. ओट्यावरचे आजोबा म्हणतात, “लाइट गेली.” पण जाते कुठे? ती वाटेत कुठेतरी अडलेली असते. ती जागा वायरमन कशी हुडकतो आणि आपण त्याला काय मदत करू शकतो, तेवढेच आज बोलू.

कनेरगावच्या नावातच नाका आहे. एके काळी अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड. आता कल्पना करा, एक गाडी पहिल्या नाक्यावरून सुटली आणि दुसऱ्यावर पोचलीच नाही. मग शोध दोन्हींच्या मधल्या वाटेवरच घ्यायचा, नाही का?

विजेचेही तसेच. उपकेंद्रातून ११,००० व्होल्टची लाइन निघते, तिला फीडर म्हणतात. तिच्यावर फांदी पडली, की उपकेंद्रातला ब्रेकर आपोआप सुटतो. वायरमन फीडरच्या मध्यावरचा एबी स्विच उघडतो आणि उपकेंद्राला अलीकडचा भाग चालू करायला सांगतो. टिकला, तर बिघाड पलीकडे. पुन्हा सुटला, तर अलीकडे. मग त्या भागाचे पुन्हा दोन भाग. गुरुजींनी हा खेळ वर्गात जरूर घ्यावा. एका मुलाने १ ते ६४ मधला आकडा मनात धरावा, बाकीच्यांनी “३२ पेक्षा मोठा का?” असे निम्मे निम्मे करीत सहा प्रश्नांत तो काढावा. लाइनवर मात्र दर खांबाला स्विच नसतो. टप्पा सापडला, की पुढे बॅटरी घेऊन चिखल तुडवणे आलेच. आणि इन्सुलेटरला गेलेली बारीकशी चीर रात्री सहसा दिसत नाही.

आता तुमच्या घरातली खूण. सगळे गाव अंधारात नसेल, तर नीट पाहा. फक्त तुमचेच घर बंद असेल, तर दोष बहुधा सर्व्हिस वायरीत किंवा घरच्या फ्यूजमध्ये. गावातली तिसरा हिस्सा घरे पूर्ण बंद आणि बाकी ठीक, तर डीपीच्या खालच्या बाजूची एक फेज गेली. पण एका फेजवरची घरे ठीक आणि उरलेल्या दोन फेजांवर पंखे रडतखडत फिरत असतील, तर डीपीच्या वरचा, म्हणजे ११,००० व्होल्टच्या बाजूचा एक फ्यूज उडालेला असतो. पंख्याकडेच बघा, हल्लीचा एलईडी दिवा कमी दाबावरही फसवा उजेड देतो. अशा वेळी विहिरीवरची मोटर लावू नका. ती गुणगुणेल आणि जळेल.

आणखी एक खूण. तुमच्याकडे दिवे मंद आणि शेजारी डोळे दिपवणारे, तर न्यूट्रल तुटला समजा. आधी मेन स्विच बंद करा, मग चौकशी.

सगळ्यांत घातकी बिघाड मात्र ब्रेकरलाही कळत नाही. तार तुटून कोरड्या मुरमाड जमिनीवर पडली, तर जमिनीतून प्रवाह इतका थोडा वाहतो, की ब्रेकर सुटेलच असे नाही. तार जिवंतच राहते. भोवतालच्या मातीतही दाब पसरतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून तो आपल्या आधी दगावतो. त्याला सोडवायला धावू नका. तीस-पस्तीस फूट लांब राहा, पोरांना थांबवा. आधीच जवळ गेला असाल, तर दोन्ही पाय जुळवून, पाऊल न उचलता सरकत मागे या. आणि बांबूने डीपीचा फ्यूज बसवणारे काही हुशार गडी गावोगाव असतात; त्यांना आवरा. वर तारेवर वायरमन असू शकतो.

फोन १९१२ वर करा, आणि “लाइट नाही” एवढेच सांगून ठेवू नका. ठिणगी कुणाच्या शेताजवळ दिसली, आवाज कोणत्या दिशेने आला, किती घरे बंद, किती मंद, जवळच्या खांबावर आकडा असेल तर तो, हे सांगा. तेवढ्यावर त्याचा रात्रीचा अर्धा फेरा वाचतो.